आत कोण राहिलं याचा प्रमाणित अर्थ

गाण्याचा अर्थ एकच असावा, हे ठरल्याला आता बरीच वर्षं झाली. त्याआधी लोक मनाला येईल तो अर्थ लावत आणि त्यातून घरोघरी मतभेद होत. मतभेद घरात राहिले तर कुणाची हरकत नसते, पण ते जिन्यावरून खाली उतरतात आणि रस्त्यात उभे राहून रहदारी अडवतात. म्हणून गीतार्थ निश्चिती विभाग स्थापन झाला. ज्या गाण्याबद्दल शंभराहून अधिक नागरिक आपला गोंधळ लेखी कळवतील, त्या गाण्याचा अर्थ विभागानं ठरवायचा, त्यावर गोल शिक्का मारायचा आणि तो कार्यालयाच्या दर्शनी भागात लावायचा, अशी साधी सोपी पद्धत होती.

या विभागाच्या चित्र शाखेत एक अर्थनिरीक्षक होते. सव्वीस वर्षं एकाच खुर्चीवर बसून त्यांनी शेकडो गाणी मार्गी लावली होती. गाण्यात कबुतर उडालं तर ते स्वातंत्र्य आहे की नुसतंच कबुतर, हे ते पाहताक्षणी सांगत. काचेचा पेला फुटला तर नातं तुटलं. पेला कलंडला पण फुटला नाही तर नातं दुरुस्त होण्याजोगं आहे. नायिकेनं केस कापले तर तिनं निर्णय घेतला. तिनं नुसतेच केस मोकळे सोडले तर निर्णय विचाराधीन आहे. ही सगळी कोष्टकं त्यांनी स्वतः तयार केली होती आणि नवीन भरती झालेल्यांना ती पाठ करावी लागत. माणूस सरळ होता, वेळेवर येणारा होता, आणि आपल्या कामामुळे समाजात शांतता नांदते यावर त्यांचा मनापासून विश्वास होता.

चित्र शाखा दुसऱ्या मजल्यावर होती आणि ध्वनी शाखा चौथ्या. ते रुजू होण्यापूर्वी दोन्ही एकाच दालनात बसत. पण ध्वनी शाखेची तक्रार होती की पडद्यावरच्या हालचालींमुळे ऐकण्यावरचं लक्ष उडतं, आणि चित्र शाखेची तक्रार होती की एवढ्या गोंगाटात माणसानं बघायचं कसं. चौकशी झाली, दोन्ही तक्रारी रास्त आढळल्या, आणि तेव्हापासून प्रत्येक गाणं दुसऱ्या मजल्यावर आवाजाविना आणि चौथ्या मजल्यावर चित्राविना जाऊ लागलं. दोन्ही अहवाल आले की हेडक्लार्क ते दोऱ्यानं एकत्र शिवत. तिसऱ्या मजल्यावर समन्वय कक्ष होता. त्याला कुलूप होतं.

त्यामुळे झालं असं, की ज्या शेकडो गाण्यांचे अर्थ अर्थनिरीक्षकांनी निश्चित केले, त्यातलं एकही त्यांनी ऐकलेलं नव्हतं. यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि दुसऱ्या कुणी ते लक्षात आणून दिलं नाही. सवय अशी जडली होती की घरी टीव्हीवर गाणं लागलं तरी त्यांचा अंगठा आपोआप रिमोटवर जाई आणि आवाज बंद करी. बायको म्हणे, "अहो, चांगलं लागलं होतं की." ते म्हणत, "मला नीट बघू दे." मग ती "बरं" म्हणून आपल्या कामाला लागे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ते किल्लीचं गाणं आलं.

गाणं पावणेचार मिनिटांचं होतं. एका लहानशा घरात टेबलाशी एक बाई बसलेली असते. एक माणूस येतो आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवतो. दोघं एकमेकांकडे बराच वेळ बघतात, म्हणजे गाण्याच्या हिशेबानं बराच वेळ, अकरा सेकंद. बाई किल्ल्या उचलते. आणि मग पडदाभर नुसतं दार दिसतं, ते हळूहळू बंद होतं. संपलं गाणं. आता ते दार आपण आतून बघतोय की बाहेरून, हे काही केल्या कळत नाही. बाई किल्ल्या घेऊन घरात राहिली आणि माणूस गेला, की बाईच किल्ल्या घेऊन निघून गेली आणि माणूस मागे उरला? की दोघं गेले? की दोघं राहिले आणि नुसता वारा आला?

पंधरा दिवसांत गावाचे दोन तट पडले: आतवाले आणि बाहेरवाले. केस कापायला बसलं की न्हावी कात्री हातात धरून आधी विचारी, "तुमचं काय मत, आत की बाहेर?" आणि उत्तर ऐकून मग किती बारीक करायचे ते ठरवी. दातांचे डॉक्टर तोंडात अवजार घालून हाच प्रश्न विचारत, आणि रुग्णाचा आवाज निघाला की तो आपल्याच बाजूचा धरत. एका बँकेत आतवाल्यांची आणि बाहेरवाल्यांची जेवायची टेबलं वेगळी झाली. लेखी गोंधळ कळवणाऱ्यांची संख्या तिसऱ्या आठवड्यात नऊ हजारांवर गेली आणि नस्ती अर्थनिरीक्षकांच्या टेबलावर आली.

त्यांनी ती शांतपणे उघडली. त्यांना काय ठाऊक की त्याच संध्याकाळी ही नस्ती त्यांच्या घरातही उघडणार आहे.

अर्थनिरीक्षकांना एकच मुलगी. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, आणि आपल्या कामात चोख होती. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा लिफ्टच्या कंपनीत, उंच इमारतींतल्या लिफ्ट तपासून त्यावर तारीख आणि सही करायचा. घरात त्याचा उल्लेख 'लिफ्टवाले' असाच होई. पोरगा भला होता, फक्त मितभाषी होता. त्याच्या वाटचं त्याची आई बोले. लग्न दोन महिन्यांवर आलं होतं, पत्रिका छापून आल्या होत्या, आणि त्या संध्याकाळी पाहुण्यांची यादी पक्की करायला मुलगा आणि विहीणबाई आल्या होत्या.

कोपऱ्यात टीव्ही चालू होता. किल्लीचं गाणं लागलं. अर्थनिरीक्षकांचा अंगठा सवयीनं रिमोटवर गेला आणि सगळ्यांनी ते गाणं मुकाट्यानं पाहिलं. दार बंद झालं.

विहीणबाई समाधानानं म्हणाल्या, "शहाणी आहे हो बाई. किल्ल्या घेतल्या आणि घर धरून राहिली."

"राहिली कुठं?" मुलगी यादीवरून मान वर करून म्हणाली. "ती बाहेर गेली. किल्ल्या बरोबर नेल्या, म्हणजे परत यायचं तेव्हा येईल."

"आमच्याकडे घराच्या किल्ल्या हातात आल्यावर कुणी बाहेर जात नाही," विहीणबाई म्हणाल्या. "आणि कशाला जायचं? दुकानात लोकांच्या डोळ्यांत बॅटऱ्या मारायला?"

मुलीनं लिफ्टवाल्यांकडे पाहिलं. "तुला काय वाटतं?"

लिफ्टवाल्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग टीव्हीकडे, मग चहाच्या कपात. कपात त्यांना काहीतरी सापडलं असावं, कारण ते बराच वेळ तिथंच बघत बसले.

"समजलं," मुलगी म्हणाली, आणि यादी टेबलावर ठेवून आत गेली.

विहीणबाई उठल्या. जाता जाता दारात थांबून म्हणाल्या, "हे बघा व्याहीबुवा, आमचं काही भांडण नाही. तुमच्याच ऑफिसातून अर्थ येणार आहे ना? येऊ दे. आमचा कुणाच्या शब्दावर नाही, शिक्क्यावर विश्वास आहे. आत राहिली असं आलं, तर तुमची मुलगी समजून घेईल. बाहेर गेली असं आलं, तर आम्ही काय ते समजून घेऊ. तोवर पत्रिका वाटू नका."

अर्थनिरीक्षक पत्रिकांच्या गठ्ठ्याकडे बघत उभे राहिले. 'आत' लिहावं तर घरात मुलगी बोलणं टाकणार. 'बाहेर' लिहावं तर लग्न मोडणार, वर चार माणसं म्हणणार की बापानं शिक्का घरच्यासाठी वापरला. इकडे आड, तिकडे विहीण.

"सव्वीस वर्षं लोकांच्या गाण्यांचे अर्थ लावताय," बायको कप उचलता उचलता म्हणाली, "आणि पोरीच्या तोंडाकडे बघून काही कळलं नाही तुम्हाला?"

"काय कळायचं त्यात? ती बाहेरवाली आहे."

"बरं," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रीतसर लिहून कळवलं की प्रस्तुत प्रकरणात माझा कौटुंबिक संबंध येत असल्यानं नस्ती अन्य अधिकाऱ्याकडे द्यावी. मोठ्या साहेबांनी शेरा मारला: 'गाण्याशी कौटुंबिक संबंध नसलेला अधिकारी विभागात आहे काय, याचा अहवाल सादर करावा.' चौकशी केली. हेडक्लार्कचं दोन भावांशी बोलणं बंद होतं. टंकलेखिका आतवाली होती आणि तिची सासू बाहेरवाली. शिपायानं घरात टीव्हीवर चादर टाकून ठेवली होती. असा कोणी नाही, असा अहवाल गेला आणि नस्ती परत जिथल्या तिथं आली.

मग त्यांनी तज्ज्ञांना पाचारण केलं. कोणताही निर्णय घ्यायचा नसेल तर तज्ज्ञ बोलवावेत, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

पहिला सुतार आला. त्यानं पडद्याला नाक लावून दार पाहिलं. "बिजागरी दिसत नाही," तो म्हणाला. "रंग दोन्हीकडून सारखाच मारतात हल्ली. आतलं पण म्हणता येईल, बाहेरचं पण म्हणता येईल. लाकूड मात्र हलकं आहे. हे दार दोन वर्षांत फुगणार." त्याचं म्हणणं 'दार फुगण्याची शक्यता' अशा मथळ्याखाली नोंदवलं गेलं.

मग कुलूपवाला आला. असलं कुलूप आतूनही लागतं आणि बाहेरूनही लागतं, असं त्यानं सांगितलं, आणि जाताना समन्वय कक्षाचं कुलूप बघून विचारलं की हे उघडून देऊ का, दोन मिनिटांचं काम आहे. त्याला सांगण्यात आलं की तसा ठराव झालेला नाही.

तिसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरून ध्वनी शाखेचा अहवाल आला. तो असा होता: 'सदर गाण्यात एक स्त्री-आवाज व शेवटी दार बंद झाल्याचा एक आवाज आढळून आला. दारानंतर पावलांचा आवाज आढळत नाही, त्याअर्थी कोणीही कोठेही गेलेले नाही. स्त्री-आवाजात वारंवार एक प्रश्न विचारण्यात आला आहे. प्रश्न हा अर्थाच्या व्याख्येत बसत नसल्याने तो विचारात घेतलेला नाही. दार कशाचे आहे ते चित्र शाखेने पाहावे.' अर्थनिरीक्षकांनी 'पाहिले' असं लिहून सही केली आणि अहवाल नस्तीला लावला.

चौथ्या दिवशी गीतकार आला. किडकिडीत, झब्ब्याच्या खिशात पेन गळून निळा डाग पडलेला. अर्थनिरीक्षकांनी त्याला खुर्ची दिली.

"आत कोण राहिलं?" त्यांनी सरळ विचारलं.

"मला काय माहीत?"

"गाणं तुम्ही लिहिलंत ना?"

"मी लिहिलं. पण त्यात दार नव्हतं. दार व्हिडिओवाल्यांनी आणलं." तो जरा पुढं सरकला. "साहेब, एक विचारू? तुम्ही गाणं ऐकलंत का?"

"तो चौथ्या मजल्याचा विषय आहे."

गीतकार खुर्चीतून उठला. मग म्हणाला, "एकदा ऐका. मग मला बोलवा, मी पायी येईन." त्याचा जबाब 'साक्षीदारास गाण्याचा अर्थ माहीत नाही, साक्षीदार भावनिक आहे' असा नोंदवला गेला.

शेवटी व्हिडिओचा दिग्दर्शक आला. तो घाईत होता.

"कोण आत, कोण बाहेर?" तो हसत म्हणाला. "अहो साहेब, शेवटचा प्रसंग जिन्यात घ्यायचा होता. ती खाली उतरते, तो वरून बघतो, मग ती वळून वर येते की नाही, असं काहीतरी. पण बाईंची गाडी चार वाजता सुटणार होती. त्या गेल्या. नटाला ताप आलेला. राहिलं काय, दार. भिंतीला टेकवून ठेवलं होतं, ते दोरीनं ओढलं."

"भिंतीला?"

"मागं भिंतच होती. आत नाही, बाहेर नाही, काहीच नाही."

अर्थनिरीक्षक हादरले. नऊ हजार नागरिक, वेगळी झालेली जेवणाची टेबलं, शिपायाच्या टीव्हीवरची चादर, आणि घरी कपाटावर ठेवलेल्या पत्रिका, हे सगळं एका भिंतीला टेकलेलं होतं. ते तसेच उठून मोठ्या साहेबांकडे गेले आणि दारामागं भिंत असल्याचं त्यांना सांगितलं.

मोठे साहेब शांत होते. "ही वस्तुस्थिती झाली," ते म्हणाले. "आपल्याकडे वस्तुस्थितीचा विभाग नाही. लोकांना काय सांगणार, मागं भिंत आहे? लोक म्हणतील, भिंतीचा अर्थ काय? मग भिंतीची नस्ती कोण उघडणार? सोमवारी सकाळी आत किंवा बाहेर, एका शब्दात आदेश हवा."

रविवारी संध्याकाळी ते कोरा कागद पुढ्यात घेऊन घरी बसले होते. मुलगी समोरच्या खुर्चीत चष्म्याच्या काचा पुसत होती. दोन आठवडे ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती आणि लिफ्टवाल्यांशी तेवढंही नाही. टीव्हीवर किल्लीचं गाणं लागलं. त्यांचा अंगठा रिमोटकडे निघाला.

मुलीनं त्यांचं मनगट धरलं. "बाबा, एकदा ऐका तरी."

"माझं काम बघण्याचं आहे गं."

"ऐका."

आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा अर्थनिरीक्षकांनी एक गाणं ऐकलं. आवाज जाडसर होता, दमलेल्या बाईचा असतो तसा. वाद्यं फारशी नव्हती. माणूस येतो, किल्ल्या ठेवतो, आणि ती म्हणते:

किल्ली ठेवली, हात मोकळा,
सांग आता, घर कुणाचं?

तेवढंच. कडवी वेगवेगळी होती, पण प्रत्येक कडव्याच्या शेवटी ती हेच विचारत होती. घर कुणाचं? आणि माणूस प्रत्येक वेळी नुसता बघत होता. अकरा सेकंद तो बघतो ती जागा त्यांनी दुसऱ्या मजल्यावर शंभर वेळा थांबवून मोजली होती. त्या अकरा सेकंदांत ती उत्तराची वाट बघते आहे, हे त्यांना आज कळलं. दार बंद झालं. उत्तर आलंच नाही.

"ही विचारतेय," ते म्हणाले.

"हो."

"आणि गावभर सगळे उत्तर देतायत. ज्याला विचारलंय तो सोडून."

मुलीनं काच दिव्यासमोर धरून पाहिली. "मला त्या बाईचं काही पडलेलं नाही, बाबा. आत राहू दे नाहीतर बाहेर जाऊ दे. मी त्याला विचारलं होतं, तुला काय वाटतं. आपण कुठं राहायचं, मी काम करायचं की नाही, तुला काय वाटतं. तो चहात बघत बसला."

अर्थनिरीक्षकांना त्या क्षणी फार वाईट वाटलं. पोरीचं तोंड त्यांनी पाहिलं होतं त्या संध्याकाळी, अगदी समोरून, पण नेहमीसारखं आवाज बंद करून. ते उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि कागदाशी परत येऊन आदेश लिहिला: 'सदर गाण्यात प्रश्न विचारलेला आहे. त्याचे उत्तर निश्चित करणे या विभागाच्या कक्षेबाहेर आहे. ज्याला प्रश्न पडला असेल त्याने आपले उत्तर आपण द्यावे.'

लिहून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं. एवढा स्पष्ट आदेश विभागाच्या इतिहासात निघाला नव्हता.

सोमवारी मोठ्या साहेबांनी तो वाचला, मान डोलावली आणि शेवटच्या पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम करून पुढं लिहिलं: 'विहित नमुन्यात, दोन प्रतींत, पंधरा दिवसांच्या आत.'

नमुना छापून आला. त्यात एकच रकाना होता: 'आत कोण राहिले असे आपणास स्वतःस वाटते?' खाली चार ओळी मोकळ्या.

वाटलं होतं लोक खूश होतील. इतके दिवस हेच तर मागत होते, आमचं ऐका म्हणून. पण पहिल्याच दिवशी खिडकीसमोर रांग लागली आणि रांगेतल्या प्रत्येकाला एकच शंका होती.

"साहेब, यात बरोबर उत्तर कोणतं?"

"तुम्हाला वाटतं ते."

"ते समजलं हो. पण बरोबर कोणतं?"

"दोन्ही चालतील."

"असं कसं दोन्ही चालतील? एखादा भरलेला नमुना दाखवा ना. नुसता बघतो, लगेच परत करतो."

न्हावी येऊन गेला, दातांचे डॉक्टर येऊन गेले. जे महिनाभर छातीठोकपणे सांगत होते, त्यांचीही चार मोकळ्या ओळी बघून बोबडी वळली. वाद घालणं निराळं आणि खाली आपलं नाव लिहून सही करणं निराळं. एका गृहस्थांनी खिडकीतून हळूच विचारलं की बायको काय लिहून गेली ते सांगता का, म्हणजे मला त्याच्या उलट लिहिता येईल.

ही अडचण ओळखली ती कार्यालयाखालच्या झेरॉक्सवाल्यानं. तिसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात तयार भरलेल्या नमुन्यांचे दोन गठ्ठे दिसू लागले. एकात 'बाई आत राहिली, कारण घर हे घर असते.' दुसऱ्यात 'बाई बाहेर गेली, कारण काळ बदलला आहे.' फक्त नाव घालायचं. पाचव्या दिवशी त्यानं तिसरा गठ्ठा ठेवला, सुशिक्षितांसाठी. त्यात लिहिलेलं होतं: 'या प्रश्नाकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे.' तो गठ्ठा सर्वांत जोरात खपला. दिवसातून दोनदा नवीन काढावा लागे.

विहीणबाईंनी पहिल्या गठ्ठ्यातले सात नमुने नेले आणि सात नातेवाइकांच्या सह्या घेऊन जमा केले. मुलीनं भरलाच नाही. ती म्हणाली, मला जे विचारायचं होतं ते मी विचारून बसलेय, आता माझा नंबर नाही.

पंधरा दिवस संपले. एकेचाळीस हजार नमुने आले. अर्थनिरीक्षक ते एकेक करून बघत होते आणि तीन ढीग करत होते. बघण्यासारखं काही नव्हतं, कारण अक्षर सगळीकडे झेरॉक्सवाल्याचंच होतं. शेवटच्या दिवसाच्या गठ्ठ्यात मात्र एक नमुना हातानं लिहिलेला सापडला. अक्षर लहान आणि ठाशीव, लिफ्टमधल्या तपासणीच्या कार्डावर असतं तसं. खाली तारीख आणि सही. रकान्यात लिहिलं होतं:

'हा प्रश्न मला गाण्यानं विचारलेला नाही, म्हणून उत्तर लिहीत नाही. मला जिनं विचारला होता तिला उत्तर द्यायला फार उशीर झाला. ते काल तिच्या दुकानात जाऊन देऊन आलो. आईलाही सांगितलं आहे. ती अजून बोलत नाही. बोलेल.'

नियमानुसार रकान्यातील प्रश्नाचं उत्तर नसलेला नमुना रद्द करावा लागतो. अर्थनिरीक्षकांनी तो दोनदा वाचला. मग गोल शिक्का घेतला, शाईवर नीट दाबला, आणि सव्वीस वर्षांत प्रथमच नियमाविरुद्ध 'मान्य' असा मारला.

घरी आले तेव्हा मुलगी फोनवर भांडत होती. भांडण नवीन घर तिच्या दुकानापासून जवळ घ्यायचं की त्याच्या कंपनीपासून, यावर होतं, आणि पलीकडून लिफ्टवाले चक्क सलग तीन वाक्यं बोलले, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. कपाटावरच्या पत्रिका टेबलावर आल्या होत्या आणि बायको त्यावर नावं घालत बसली होती. त्यांनी तिला नमुन्याची सगळी हकीकत सांगितली.

"बरं," ती म्हणाली.

ते थांबले. तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "या 'बरं'चा अर्थ काय गं?"

तिनं पेन खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. "विचारलंत एकदाचं," ती म्हणाली. "बसा. वेळ लागेल."

इकडे कार्यालयात बहुमत मोजून झालं आणि किल्लीच्या गाण्याचा प्रमाणित अर्थ दर्शनी भागात लागला: 'या प्रश्नाकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे.' त्यामुळे गावात शांतता झाली. लोक येतात, वाचतात, अगदी आपल्या मनातलं लिहिलंय म्हणतात आणि घरी जातात. झेरॉक्सवाला तर त्यांना आता चेहऱ्यावरूनच ओळखतो.

आता तुम्ही. लिफ्टवाल्यांनी दुकानात जाऊन नेमकं काय उत्तर दिलं, आणि खरं म्हणजे आत कोण राहिलं, हे कुणीतरी सांगेल म्हणून तुम्ही इथवर वाचत आला आहात. हरकत नाही, मुदत वाढवून मिळाली आहे. खिडकी क्रमांक चार, दोन प्रती, रकान्यात चार ओळी मोकळ्या आहेत. आणि नाहीच काही सुचलं तर झेरॉक्सवाला खालीच बसतो. तुम्हाला बघताच तो काही विचारणार नाही, सरळ तिसऱ्या गठ्ठ्यात हात घालील.